उत्तेजनार्थ

मराठी भाषा गौरव दिनाला आमच्या भागातल्या एका शाळेनं मला निबंध स्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावलं होतं. विषय होता ‘माझ्या गावाचा इतिहास’. गाव म्हणजे आपलं मढ. पन्नासेक वह्यांची पानं पिशवीत घालून घरी आणली आणि रात्री जेवणानंतर बसलो.

पहिले दहा निबंध वाचले आणि लक्षात आलं की आपण एकच निबंध दहा वेळा वाचतोय. ‘मढ हे मुंबईच्या पश्चिम उपनगरात वसलेले एक निसर्गरम्य बेट आहे.’ पुढं पोर्तुगीज, पुढं 1739, पुढं चिमाजी अप्पा, पुढं ‘अशा या माझ्या गावाचा मला सार्थ अभिमान आहे.’ मोबाईलवरून उतरवलेलं कळत होतं. मुलांना दोष देत नाही, आम्ही गाईडमधून उतरवायचो.

मग एक निबंध आला. सातवीतल्या मुलीचा. अक्षर बरं, शुद्धलेखन वाईट, अधूनमधून घरची कोळी बोली. तिनं लिहिलं होतं की आजी बोंबील वाळत घालते तिथून किल्ला दिसतो. किल्ल्यात शूटिंगवाले जातात, आम्हाला मात्र आत जाता येत नाही, असं का? आणि पुढं तिनं विचारलं होतं की पुस्तकात लिहिलंय मराठ्यांनी किल्ला घेतला, पण इथं तर चहूकडे खाडी आणि समुद्र. मग फौज पाण्यातून आणली कोणी? होड्या कोणाच्या होत्या? त्यांची नावं कुठं लिहिली आहेत?

मी वाचलं, हसलो, आणि लाल पेनानं चुका मोजल्या. अकरा निघाल्या. सनावळी नाही, शेवट नाही, विषयाला थोडं सोडून. पहिला नंबर एका नीटनेटक्या निबंधाला दिला. त्यात सगळ्या तारखा बरोबर होत्या. या मुलीला दिलं ‘उत्तेजनार्थ’.

बक्षीस समारंभ झाला, नारळ घेतला, 271 पकडून मालाडला कामाला गेलो. बसमध्ये मार्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा डोक्यात आलं की आपण काय करून बसलो! पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं की बातमी म्हणजे उत्तर नाही, प्रश्न. आणि ज्या एका पोरीनं प्रश्न विचारला तिला मी सगळ्यात खालचं बक्षीस दिलं.

म्हणून ही पोस्ट. आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या निबंधांनी काय काय घडवलंय आणि ते निबंध वाचणाऱ्या मोठ्या माणसांनी त्यांचं काय केलंय, ते जरा बघू. लांब आहे, पण वाचा.

एका निबंधातून शाळा निघाल्या

1848 सालचा जून महिना. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी एक सभा काढली, ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’. काम साधं होतं. जमायचं, कोणीतरी निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. साहित्य, इतिहास, विज्ञान, समाजातल्या चालीरीती, असे विषय. लवकरच तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या, म्हणजे ज्याला इंग्रजी येत नाही त्यालाही ऐकता यावं. मराठी शाखेशी दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं नाव जोडलेलं आहे, मराठीचं व्याकरण लिहिणारे तेच.

1849 मध्ये बेहरामजी गांधी नावाच्या एका तरुणानं मुलींच्या शिक्षणावर निबंध वाचला. आज हा विषय दहावीच्या पेपरात आला तर पोरं कंटाळतात. तेव्हा मुलीला अक्षर शिकवणं म्हणजे घराण्याला बट्टा समजत होते. निबंध वाचून झाला, टाळ्या झाल्या असत्या आणि सगळे घरी गेले असते. तसं झालं नाही. प्राध्यापक पॅटन यांच्यासह जमलेल्यांनी ठरवलं की हे पटलं असेल तर करून दाखवू.

त्याच वर्षी या सोसायटीनं मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. शिकवणारे कोण, तर हेच तरुण, स्वतःचं शिक्षण किंवा नोकरी सांभाळून, बिनपगारी. त्यांत दादाभाई नौरोजी होते, तेव्हा चोवीस वर्षांचे. मुली मिळवायला ते दारोदार फिरले. काही बापांनी त्यांना जिन्यावरून खाली फेकून देण्याची धमकी दिली होती. पुढं हेच दादाभाई ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेले आणि हिंदुस्थानची संपत्ती बाहेर कशी वाहून जाते याचा हिशेब त्यांनी जगासमोर मांडला. पण त्यांच्या सार्वजनिक कामाची सुरुवात विद्यार्थ्यांच्या निबंध सभेपासून झाली.

इथं मला निबंधाइतकंच ऐकणाऱ्यांचं कौतुक वाटतं. त्यांनी त्यात शुद्धलेखन तपासलं नाही. खरं आहे का, असेल तर आपण काय करायचं, एवढंच बघितलं.

पुण्याची चौदा वर्षांची मुलगी

आता पुण्याला जाऊ. तिथं जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली, पुढं अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. त्यात मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. वय साधारण चौदा. तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. ‘ज्ञानोदय’ या मिशनरी पत्रानं तो 1855 मध्ये दोन भागांत छापला, 15 फेब्रुवारी आणि 1 मार्चच्या अंकांत.

हा निबंध मी कामाच्या निमित्तानं पहिल्यांदा वाचला तेव्हा माझं वय चाळीसच्या आसपास होतं. लाज वाटली. एवढा काळ पत्रकार म्हणवतोय आणि हा वाचलेला नव्हता.

तिचं म्हणणं असं. वेद ब्राह्मणांचेच, आम्ही ते बघायचेही नाहीत, असं असेल तर आमच्याजवळ धर्मपुस्तक नाही. म्हणजे आम्ही धर्माशिवाय आहोत. मग देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग. चौदा वर्षांच्या मुलीनं समोरच्याचंच म्हणणं घेऊन त्याला कोपऱ्यात गाठलंय. वकिलाला जमणार नाही असा युक्तिवाद आहे.

मग ती आपल्या माणसांवर काय गुदरलं ते सांगते. मोठ्या इमारतींच्या पायात माणसं पुरली जायची ते. बाजीरावाच्या राज्यात तालमीसमोरून मांग किंवा महार गेला तर त्याचं मुंडकं उडवून त्याचा चेंडू केला जायचा ते. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं ते. आणि शेवटी आपल्याच लोकांना सांगते की शिका, अज्ञान जाईल तेव्हाच हे दुखणं जाईल. इंग्रजांचं राज्य आलं आणि हा छळ कमी झाला, असंही तिनं स्वच्छ लिहिलंय.

मराठीत दलित स्त्रीनं लिहिलेलं पहिलं लेखन म्हणून या निबंधाचा मान आहे. तिचा हा एकच निबंध आपल्यापर्यंत पोहोचला, पण तो पुरेसा आहे.

मुंबईचा हुशार विद्यार्थी

आता परत मुंबई. मुक्ताच्या निबंधानंतर पाच-सहा वर्षांनी एल्फिन्स्टन कॉलेजात महादेव गोविंद रानडे शिकत होते. निफाडला 1842 मध्ये जन्म, बालपण कोल्हापुरात, मग मुंबई. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये निघालं आणि 1862 मध्ये त्याचे पहिले चार बी.ए. झाले. रानडे त्यांतले एक, रा. गो. भांडारकर दुसरे. वाचून वाचून डोळे बिघडवून घेतलेला विद्यार्थी. अशा विद्यार्थ्याचा सगळ्या प्राध्यापकांना अभिमान असणार.

या रानड्यांनी एक निबंध लिहिला. त्यात मराठ्यांचं राज्य आणि इंग्रजांचं राज्य यांची तुलना होती आणि तिच्यात इंग्रजांचं राज्य कमी पडलं होतं. तेव्हा तिथं सर अलेक्झांडर ग्रँट शिकवत होते, पुढं ते प्राचार्य झाले. अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावर काम केलेला मोठा विद्वान, चांगला शिक्षक. त्यांनी रानड्यांना बोलावून घेतलं आणि जे सरकार तुला शिकवतंय त्याला नावं ठेवू नयेस, अशा अर्थाचं सुनावलं. रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली.

रानड्यांनी आदळआपट केली नाही. ग्रँटसाहेबांबद्दल त्यांचा आदर शेवटपर्यंत राहिला. पण विषयही सोडला नाही. जवळजवळ चाळीस वर्षांनी, 1900 मध्ये, मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. मराठ्यांचं राज्य म्हणजे सह्याद्रीच्या रानात अचानक पेटलेला वणवा, हे इंग्रज इतिहासकारांचं मत त्यांनी खोडून काढलं. त्यांचं म्हणणं, त्यामागं सगळ्या जातींतल्या संतांनी दोन-तीनशे वर्षं केलेली मशागत होती. पुस्तक आलं आणि 1901 च्या जानेवारीत रानडे गेले.

इथं जरा थांबा

हे दोन निबंध शेजारी ठेवून बघा. मुक्ता साळवे आणि महादेव रानडे, दोघंही विद्यार्थी, मध्ये पाच-सहा वर्षांचं अंतर. विषय म्हटला तर एकच, आपलं जुनं राज्य बरं की इंग्रजांचं. आणि उत्तरं अगदी उलटी. मुक्ता म्हणते इंग्रजांच्या राज्यात आमचा जीव वाचला. रानडे म्हणतात आमचं राज्य बरं होतं.

मुक्ताचा निबंध छापला गेला, रानड्यांना शिक्षा झाली. यावरून एक वाचक चांगला आणि दुसरा वाईट असं ठरवायला मीही निघालो होतो. पण नीट बघितलं तर तसं सरळ नाही. ‘ज्ञानोदय’ मिशनऱ्यांचं पत्र. हिंदू धर्मात मांग-महारांना जागा नाही, हे मांगाच्या मुलीनं स्वतः लिहिणं त्यांच्या सोयीचं होतं. कॉलेज सरकारी. सरकारच्या पैशावर शिकणाऱ्या मुलानं सरकारला कमी लेखणं त्यांच्या गैरसोयीचं होतं. म्हणजे दोन्हीकडे मोठ्या माणसांनी आपापल्या सोयीनं मार्क दिले.

तरीही ‘ज्ञानोदय’नं तो छापला म्हणून आज आपण मुक्ताचा आवाज ऐकू शकतो, हे उपकार आहेतच. रानड्यांचा निबंध आज कोणी वाचत नाही, त्यांची शिक्षा मात्र सगळ्यांना माहीत आहे.

आणि आपण आज काय करतो? आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जण फक्त मुक्ता पाठवतो, दुसरा फक्त रानडे पाठवतो. पहिल्याला रानडे नकोत, दुसऱ्याला मुक्ता नको. दोघंही खरं सांगत होते. प्रत्येकानं आपण जिथं उभे आहोत तिथून जे दिसलं ते लिहिलं. किल्ल्याच्या बुरुजावरून राज्य वेगळं दिसतं, पायात पुरल्या जाणाऱ्याला वेगळं दिसतं. इतिहास शिकायचा तर दोन्ही निबंध एकाच वर्गात वाचायला हवेत.

आणखी दोन, थोडक्यात

त्या काळी मराठ्यांच्या इतिहासावरचा शेवटचा शब्द म्हणजे जेम्स ग्रँट डफ. हा वेगळा ग्रँट. साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी होता, त्याचा तीन खंडांचा इतिहास 1826 मध्ये निघाला. पोरं तोच शिकायची, शाळांत त्याचंच भाषांतर. वणव्याची उपमा याचीच.

1867 मध्ये पुण्यात तरुणांच्या एका सभेत नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी या पुस्तकावर टीका करणारा निबंध वाचला. डेक्कन कॉलेजात शिकणारा तेवीस वर्षांचा तरुण आणि समोर इंग्रजांचा मान्यवर इतिहासकार. ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकानं 1868 मध्ये तो छापला. कीर्तने नुसते रागावले नव्हते. मूळ कागद कुठले, कोणत्या गोष्टीला कशाचा आधार, असं ते विचारत होते. पुढं त्यांनी स्वतः मल्हार रामराव चिटणिसांची बखर संपादून छापली. 1878 मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ निघालं आणि जुनी पत्रं, बखरी छापल्या जाऊ लागल्या. मग वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरं शोधत फिरले. मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल कागदपत्रं आज आपल्या हाती आहेत, त्या रस्त्याच्या सुरुवातीला एका विद्यार्थ्याचा निबंध आहे.

दुसरा निबंध सगळ्यांना माहीत आहे, पण तो विद्यार्थ्याचा होता हे विसरलं जातं. 9 मे 1916, न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. मानववंशशास्त्राचे अभ्यासक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनामुळे आणि त्या बंधनाचा भार बाईवर टाकला जातो, हे त्यांनी तिथं मांडलं. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. मुक्ताच्या निबंधाला तेव्हा एकसष्ट वर्षं झाली होती. तिनं दुःख सांगितलं होतं, यांनी ते यंत्र उघडून आतलं चाक कसं फिरतं ते दाखवलं.

परत मढ

आता त्या सातवीतल्या मुलीकडे येतो.

तिला सनावळी आली नाही हे खरं. मढचा किल्ला पोर्तुगीजांचा, वेसाव्याचा किल्लाही म्हणतात त्याला. 1739 च्या वसई मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, 1774 मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. हे सगळं पहिला नंबर आलेल्या मुलानं बरोबर लिहिलं होतं. पण ते मोबाईलला आधीच माहीत आहे. होड्या कोणाच्या होत्या, हे मोबाईलनं तिला सांगितलं नव्हतं. ते तिला सुचलं, कारण तिच्या घरात होडी आहे. डोल जाळं आहे. भरती-ओहोटीच्या वेळा घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ आहेत. या खाडीतून रात्री माणसं न्यायची तर पाणी ओळखणारा माणूस लागतो, हे तिला पुस्तकाशिवाय कळतं. इतिहासकार ज्या प्रश्नापाशी पुष्कळ वाचून पोहोचतो, तिथं ती बोंबील वाळवणाऱ्या आजीशेजारी बसून पोहोचली.

किल्ल्यात जाता येत नाही हा तिचा दुसरा प्रश्न. किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, परवानगी लागते, सुरक्षेचं कारण असणार. पण त्यामुळे प्रश्न चुकीचा ठरत नाही. ज्या गावाचा इतिहास लिहायला आपण मुलांना सांगतो, त्या गावाची एवढी जुनी वास्तू त्यांनी फक्त बाहेरून बघितलेली असते. वर्षातून एक दिवस रीतसर परवानगी काढून शाळेच्या मुलांना आत नेता येणार नाही का? एरंगळला सोळाव्या शतकातलं चर्च आहे, जानेवारीत जत्रेला कोळी, ख्रिस्ती, सगळे जातात. तिथं मुलांना वही घेऊन नेता येईल. गावातल्या म्हाताऱ्या नाखवांना, मासळी विकणाऱ्या आजींना शाळेत बोलावता येईल. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर असतात, माणसं घरी असतात. तेव्हाच मुलांना वही देऊन सांगा की घरच्या सगळ्यात मोठ्या माणसाला दहा प्रश्न विचारा आणि तो बोलतो तसंच लिहा. कोळी बोलीत लिहिलं तर मार्क कापू नका.

मी स्वतः दोन गोष्टी केल्यात. त्या शाळेच्या बाईंना भेटलो आणि माझी चूक सांगितली. निकाल बदलता येत नाही, पण तिचा निबंध शाळेच्या फळ्यावर, चुका न सुधारता, लावायला त्या तयार झाल्या. आणि पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून बोलावलं तर विषय मी सुचवणार, असं सांगून आलो. विषय असेल ‘मला न मिळालेलं उत्तर’. त्यात कोणालाच उतरवता येणार नाही.

ती मुलगी जेट्टीवर भेटली. मी म्हटलं, “बाळा, तुझा निबंध चांगला होता, मला उशिरा कळलं.” तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “मग होड्या कोणाच्या होत्या, काका?”

मी म्हटलं शोधून सांगतो. शोधतोय. मढ, भाटी, एरंगळ, वेसावे इथल्या कोणाच्या घरी जुने कागद, सनदा, वाडवडिलांनी सांगितलेल्या गोष्टी असतील तर कळवा. मी येऊन ऐकेन, लिहून घेईन, आणि या वेळी लाल पेन आणणार नाही.